कच्चे, शिजलेले आणि वावडे : एका मांजरीच्या निमित्ताने

मराठीत 'कच्चा' हे विशेषण सहसा गौरवाने वापरले जात नाही. कच्चा खर्डा, कच्ची नोंद, गणितात कच्चा विद्यार्थी, कच्च्या गुरूचा चेला, खेळातला कच्चा लिंबू : या साऱ्या प्रयोगांत काहीतरी अपुरे राहिल्याची, संस्कार व्हायचा बाकी असल्याची सूचना असते. उलट पिकणे, मुरणे, पक्के होणे या क्रिया आपण माणसाच्या बुद्धीलाही कौतुकाने लावतो. गेल्या तीनेक दशकांत मात्र पाळीव कुत्र्या-मांजरांच्या आहाराच्या चर्चेत या शब्दाला नेमके उलटे मूल्य प्राप्त झाले आहे. तेथे कच्चे म्हणजे शुद्ध, मूळचे, निसर्गाने नेमून दिलेले. आणि शिजवलेले म्हणजे भ्रष्ट. एरवी या उलथापालथीकडे माझे लक्षही गेले नसते. परंतु आमच्या ठकीला अन्नाचे वावडे निघाले आणि हा मूल्यविचार थेट आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

२०२३ च्या उन्हाळ्यात ठकीने मान आणि कानांमागचा भाग खाजवून रक्तबंबाळ केला. आधी पिसवांवरचे औषध झाले, मग बुरशीची तपासणी झाली, खाज थांबेना. तेव्हा पशुवैद्यांनी अन्नाकडे बोट दाखवले. 'अ‍ॅलर्जी' या शब्दाने आपल्याला उगाच धास्तावल्यासारखे होते. 'वावडे' हा आपला जुना शब्द त्याच गोष्टीला अधिक शांतपणे नाव देतो. अन्नातील एखादे प्रथिन शरीर शत्रू समजते, इतकाच त्याचा अर्थ. मांजरांच्या बाबतीत हे प्रथिन बहुधा गोमांसाचे, माशाचे किंवा कोंबडीचे असते. रक्ततपासणीने ते खात्रीने सांगता येत नाही. मार्ग एकच : आठ आठवडे असे एखादेच मांस द्यायचे की जे त्या जीवाने पूर्वी कधी खाल्लेले नाही, आणि त्यावाचून दुसरा कणही द्यायचा नाही. खाज थांबली तर जुने अन्न पुन्हा देऊन पाहायचे. खाज परतली, तरच निदान पक्के. हस्तलिखितांचे पाठभेद ताडून पाहण्याची सवय असलेल्या माझ्यासारखीला ही पद्धत ओळखीची वाटली.

अडचण निराळीच होती. बाजारातील बहुतेक पाकिटांत कोंबडी किंवा मासा कोणत्या ना कोणत्या रूपाने असतोच. प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेले औषधी खाद्य मिळते, ते आणले; ठकीने हुंगून पाठ फिरवली. मांजराला 'भूक लागली की खाईल' हा न्याय लावता येत नाही. काही दिवस पोटात अन्न गेले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते आणि ते जिवावर बेतू शकते. तेव्हा उरले बोकडाचे मांस. ते आणायचे कुणी, ठेवायचे कुठे आणि द्यायचे कसे, हे तीन प्रश्न चार पिढ्यांच्या शाकाहारी घरात एकदम उभे राहिले.

आईचा पहिला प्रश्न साधा होता. "आजोळच्या वाड्यात इतकी मांजरे होती, ती सगळी दूधभातावर जगली. हिलाच मेलीला मांस कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याचे उत्तर शोधताना मला जे कळले ते या लेखामागचे खरे कारण आहे. मांजर हा सक्तीचा मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसे बनवता येत नाही. ते वनस्पतींत जवळजवळ नसतेच. गाजरातील द्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करण्याची आपली क्षमताही त्याच्यापाशी नाही. मग वाड्यातील मांजरे जगली कशी? ती उंदरांवर, पालींवर, चिमण्यांवर जगली. उंदीर हा मांजराच्या दृष्टीने संपूर्ण आहार असतो. मांस, यकृत, हृदय आणि कॅल्शियमसाठी हाडे, सारे एका घासात. दूधभात हा आपल्या समाधानाचा भाग होता. मांजर डोळे मिटून दूध पिते अशी म्हण आपण रूढ केली. वास्तविक डोळे आपण मिटून घेतले होते. माळ्यावर, गोठ्यात, रात्रीच्या अंधारात कच्चा आहार चालूच होता, आणि घराचे सोवळे त्यामुळे अबाधित राहत होते. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत माळा नाही, उंदीर नाही. मांजरीने जे आपल्या नजरेआड केले असते, ते आता माझ्या हाताने आणि आईच्या डोळ्यांदेखत होणार होते.

येथे क्लोद लेव्ही-स्ट्रोस या मानववंशशास्त्रज्ञाची आठवण अपरिहार्य आहे. दक्षिण अमेरिकेतील मिथकांवरचा त्याचा १९६४ सालचा ग्रंथ 'कच्चे आणि शिजलेले' याच नावाचा आहे. कच्चे ते निसर्गाचे, शिजलेले ते संस्कृतीचे, आणि मध्ये अग्नी, ही त्याची मांडणी आपल्या अभ्यासक्रमांतून सर्वपरिचित झाली आहे. पण आईच्या स्वयंपाकघरात ही जोडी इतकी सरळ चालत नाही. तांदूळ कच्चे असेपर्यंत ते कुणाच्याही हातून घेता येतात. शिधा कच्चाच दिला जातो. पाणी घालून शिजवले की त्याचे 'खरकटे' होते, मग स्पर्शाचे नियम लागू होतात. म्हणजे धान्याच्या बाबतीत कच्चे तेच निर्मळ, आणि विटाळाची शक्यता शिजण्यापासून सुरू होते. मांसाचा प्रश्न या व्यवस्थेत आलाच नव्हता, म्हणून त्याला जागाही नव्हती. गंमत अशी की कच्च्या आहाराचे आधुनिक पुरस्कर्तेही अग्नीलाच दोषी धरतात. पशुवैद्यांची भाषा तिसरीच : त्यांच्या लेखी कच्चे मांस म्हणजे साल्मोनेला, ई. कोलाय, टॉक्सोप्लाझ्मा. शुद्धाशुद्धतेचे तीन कोश एकाच फ्रिजसमोर भांडत होते.

मेलबर्नमधील माझी एक मैत्रीण तिच्या मांजरांना कांगारूचे कच्चे मांस घालते. ऑस्ट्रेलियात हा आहार रुळलेला आहे. इयन बिलिंगहर्स्ट या तेथील पशुवैद्याच्या १९९३ मधील पुस्तकाने कुत्र्यांच्या कच्च्या आहाराची चळवळ सुरू करण्यात मोठा वाटा उचलला. मैत्रिणीने सुचवलेले बरेचसे साहित्य मी वाचले. 'साहित्य' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते, कारण त्या लेखनाचा एक ठरीव घाट आहे. आरंभी हरवलेले रान, मध्ये कारखान्यातील पाकिटाने केलेले पतन, शेवटी पूर्वजांच्या आहाराकडे परतणे आणि केसांना आलेली झळाळी. आपण याला ग्रामीण काव्यात भेटलो आहोत.

या कथेचे एक आधारवचन म्हणजे कॅलिफोर्नियातील डॉक्टर फ्रान्सिस पॉटेंजर यांचे प्रयोग. १९३२ ते १९४२ या काळात त्यांनी सुमारे ९०० मांजरांवर निरीक्षणे केली. कच्च्या मांसावरची मांजरे निरोगी राहिली. शिजवलेल्या मांसावरची पिढीगणिक खंगत गेली. अग्नी दोषी ठरला. परंतु १९७५ मध्ये टॉरिनच्या अभावाने मांजराच्या दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो हे सिद्ध झाले, आणि १९८७ मध्ये हृदयाच्या स्नायूंच्या एका जीवघेण्या विकाराशीही त्याचा संबंध उघड झाला. पॉटेंजर यांच्या मांजरांना बहुधा टॉरिनच कमी पडत होते असे आज सामान्यतः मानले जाते. शिजवताना ते रसाबरोबर निघून जाते. रस टाकला नाही किंवा वरून टॉरिन घातले, तर शिजवलेल्या मांसावरही मांजर उत्तम जगते. उणीव एका द्रव्याची होती, आणि वाचकांनी तिच्यावर एक तत्त्वज्ञान रचले. संहितेत नसलेला अर्थ तिच्यावर लादण्याचा मोह केवळ समीक्षकांनाच होतो असे नाही.

तरीही सुरुवात आम्ही कच्च्यानेच केली, आणि तीही पशुवैद्यांच्या संमतीने. कारण उकडलेल्या मांसाला ठकी तोंड लावीना आणि कच्चा खिमा तिने पहिल्याच दिवशी चाटला. तिच्या वाटीतील व्यवस्था मात्र 'नैसर्गिक' या शब्दाला लाजवणारी होती. निव्वळ मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. हाडे नसतील तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते. म्हणून कॅल्शियमची मोजलेली पूड. कलेजी थोडीच, कारण अ जीवनसत्त्व अतिरेकाने मणक्यांना जखडून टाकते. टॉरिन, इ जीवनसत्त्व, थायमिन वेगळे. दिवसाला सुमारे १२० ग्रॅम, सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर तोललेले. जुने दाणे एकदम बंद न करता दहा दिवसांत कमी करत नेले आणि ते पूर्ण सुटल्यावर आठ आठवड्यांची मोजणी सुरू केली. रान म्हणतात ते हे नव्हे. ही प्रयोगशाळा होती.

खरा धोका ठकीला नव्हता. आईला आमवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत. पशुवैद्यांनी पहिल्याच भेटीत विचारले होते, "मॅडम, घरात म्हातारे माणूस किंवा लहान मूल आहे का?" मांस गोठवले की टॉक्सोप्लाझ्मा बराचसा निष्प्रभ होतो, पण जिवाणू केवळ झोपी जातात. म्हणून गॅलरीत वेगळा छोटा फ्रिज, वेगळी सुरी, हातमोजे, उकळत्या पाण्याने धुतलेली वाटी. आईने यांतील कशालाच विरोध केला नाही. सोवळ्याचे नियम आयुष्यभर पाळलेल्या स्त्रीला वेगळी भांडी आणि वेगळे हात ही कल्पना समजावून सांगावी लागली नाही. ती माझ्यापेक्षा काटेकोर निघाली. तिच्या शिस्तीखाली पूर्वी जे दुखावले गेले असेल त्याचा हिशेब वेगळा आहे, आणि तो मी या लेखात मिटवू शकत नाही.

सातव्या आठवड्यात मानेवर केस उगवले. नंतर ठरल्याप्रमाणे उकडलेली कोंबडी चिमूटभर दिली; चौथ्या दिवशी पंजा पुन्हा कानामागे गेला. निदान पक्के झाले. मैत्रिणीला कळवले तेव्हा तिने लिहिले, "बघ, कच्च्याचा गुण!" मला ते पटेना. बदलल्या होत्या दोन गोष्टी, मांसाचा प्राणी आणि त्याची अवस्था. श्रेय मात्र एकीलाच मिळत होते.

याचा उलगडा पुढे झाला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना एच५एन१ या बर्ड फ्लूची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले. आहारातील कोंबडीच्या मांसाकडे संशयाची सुई वळली. त्याच सुमारास अमेरिकेतील ऑरेगन राज्यात गोठवलेले कच्चे टर्कीचे खाद्य खाऊन एक घरमांजर मेल्याचे जाहीर झाले होते. बोकड म्हणजे कोंबडी नव्हे, हे मला कळत होते. परंतु गोठवण्याने विषाणू मरत नाही आणि मांसाची दुकाने शेजारी शेजारी असतात, हेही कळत होते. आम्ही खिमा रोज थोडा थोडा अधिक वाफवत गेलो. तीन आठवड्यांनी ठकी पूर्ण शिजलेले, रसासकट, पूड कालवलेले मांस खाऊ लागली. खाज परत आली नाही. आजही आलेली नाही.

एका मांजरीवरून सिद्धान्त मांडता येत नाही. तरी तिच्या बाबतीत एवढे म्हणता येईल की वावडे कोंबडीचे होते, अग्नीचे नव्हते. कच्चेपणा वाटीतून निघून गेला आणि तिच्या कातडीला त्याची खबरही लागली नाही.

बोकडाचा प्रश्न उरतोच. ठकीच्या कानामागचे केस कुणाच्या तरी जिवावर उगवले आहेत, आणि तो जीव मी पंधरवड्याला एकदा किलोच्या हिशेबाने विकत आणते. शिजवल्याने तो प्रश्न शिजत नाही. वाड्यातल्या उंदरांच्या वेळी तो कुणी विचारला नव्हता, कारण कुणी पाहिले नव्हते. आई मात्र हल्ली खिमा वाफवताना स्वयंपाकघरातच बसून असते. मी एकदा म्हटले, "आई, तुला वास सहन होत नसेल तर आत जा." ती म्हणाली, "होत नाही. पण घरात शिजतंय ते ठाऊक असावं माणसाला."