नाक झिजलेला देव

चि. रेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं जाडजूड पाकीट मंगळवारी मिळालं. वहीत तू रचलेले बारा देव, त्यांची वंशावळ, वाहनं, शस्त्रं, शिवाय नकाशा. तू विचारलंस एवढंच, की नावं कशी वाटतात. छान आहेत. निम्म्या देवांच्या नावात 'झ' कशाला, ते मात्र कळलं नाही. आता न विचारलेलं ऐक.

पहिल्या अकरा देवांना कुणी साधा नैवेद्यसुद्धा दाखवत नाही! वीजदेवाचे डोळे निळे, हे तू तीनदा सांगितलंस. पण त्याच्या देवळात पायातलं काढून जायचं की नाही, बाळंतिणीला किती दिवस आत जाता येत नाही, नवस फेडायला शेतकरी काय आणतो, यातलं एक अक्षर नाही. अगं, हे देवांचं हजेरीपत्रक झालं. धर्म कुठाय यात?

आजीच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक आठव. चिंचेनं घासून घासून देवाचं नाक गेलेलं, घोडा तेवढा ओळखू यायचा. मणी-मल्लाची गोष्ट तिला धड सांगता यायची नाही. पण चातुर्मास लागल्यापासून चंपाषष्ठीपर्यंत घरात वांगं शिरेल, बिशाद होती? तू शेजारच्यांकडे भजी खाऊन आलीस, तो दिवस विसरली नसशील. धर्म म्हणजे ते, वांग्यापाशी अडतो तो.

थोरांनीही हेच केलंय. लॉर्ड डन्सेनीनं 'द गॉड्स ऑफ पेगाना' १९०५ साली पदरचे पैसे घालून काढलं. त्यातला सर्वांत मोठा देव, माना-यूद-सुशाई, झोपलेला आहे. स्कार्ल त्याच्यासमोर नगारा वाजवत बसलाय. नगारा थांबला की तो जागा होणार, मग ना देव उरणार ना जग. म्हणून माणसांनी त्याला हाक मारायची नाही. त्याच्याकडे मागणं मागायचं ते फक्त धाकट्या देवांनी. या एका मनाईपुढे तुझी अख्खी वंशावळ फिकी पडते की नाही, सांग.

ल गुइनच्या 'द टूम्स ऑफ अटुआन'मध्ये (१९७१) तर देवांना नावंच नाहीत. चेहरा नाही, पराक्रमाच्या कथा नाहीत. फक्त त्यांच्या थडग्यांखालच्या तळघरात दिवा न्यायचा नाही. ती पोर, तेनार, तिचं नावसुद्धा काढून घेतलेलं. ती अंधारात हातानं भिंत चाचपत वळणं पाठ करते. मी ते वाचलं तेव्हा घरात लाइट गेले होते, ते एक असो.

आणि प्रॅचेटचा ओम! 'स्मॉल गॉड्स', १९९२. देशभर त्याचे पुरोहित, त्याच्या नावानं माणसांचा छळ, आणि स्वतः देव कासव होऊन बसलाय, कारण मनापासून मानणारा ब्रूथा नावाचा एकच पोरगा उरलाय. टोल्किनचं नाव घेऊन तू भांडशील, ठाऊक आहे. तिथं देवळं जवळजवळ नाहीतच. पण फारामिरची माणसं जेवायच्या आधी पश्चिमेकडे तोंड करून गप्प उभी राहतात ना? तेवढंच पुरतं.

आता बारावा देव. त्याला ना रंग, ना वाहन. त्याच्यापुढे तू एवढंच लिहिलंस, 'ऐकत नाही.' आणि लोक त्याच्या दाराबाहेर बाकांवर रात्रभर बसून राहतात, पहाटे चहा आणतात, तो पिववत नाही. सबंध वहीत हा एकच देव मला खरा वाटला, आणि वही मिटून ठेवावी लागली. ते बाक मला माहीत आहेत, रेवा. तुझ्या शेजारीच बसले होते मी. चहाही मीच आणला होता.

वहिनी सांगत होती, तू तीन-तीन वाजेपर्यंत लिहीत बसतेस. जेवतेस का नीट? त्या बाराव्याबद्दल अजून लिहायचं असेल तर लिही, मी अडवणार नाही. पण दिवसा लिही.

आणि चंपाषष्ठीला इकडे ये. दादा गेल्यापासून टाक डब्यातच असतील, ते घेऊन ये. काळे पडले असतील. चिंच आहे माझ्याकडे.

तुझी,
आत्या