चेंडूशिवाय पळा!

चेंडू हातात आला की तुम्ही काय करता? शाळेत असताना मी थेट बास्केटकडे सुटायचो. सरांनी एकदा मैदानावर खडूनं पाच गोल काढले. म्हणाले, "पास दे, बास्केटकडे पळ. चेंडू परत नाही मिळाला, तर रिकाम्या कोपऱ्यात जा. तुझी जागा दुसरा भरेल." असं चक्र चालूच! दमतो तो बचाव करणारा.

मला ते कंटाळवाणं वाटे. पण एका सामन्यात मी नुसता पळालो, माझ्यामागे दोघं धावले आणि आमचा सर्वांत बुटका गडी मोकळा सुटला. त्याची ती पहिलीच बास्केट! सामना हरलो, पण ती बास्केट मला माझीच वाटली.

पुढे १९९६ साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या मुलांनी असंच जागा बदलत आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला ४३-४१ असं हरवलं. तेव्हा सर आठवले. तुम्हीही पळून बघा!