उपाय कुणाचा?

ऊसतोडीसाठी आगाऊ मिळणारी उचल ही जोखीम की उपाय, या एका प्रश्नाने गेला हंगामभर माझं डोकं व्यापलं आहे. बीड जिल्ह्यात कर्ज देणाऱ्या एका संस्थेची जोखीम नोंदवही मी सांभाळते. पाऊस ओढ देतो, सोयाबीन हातचं जातं, हप्ते थकतात, कुटुंबं ऊसतोडीला निघतात, मुलांची शाळा सुटते. या ओळी मी केव्हाच एकमेकींना जोडल्या आहेत; बाण कुठून कुठे जातो आणि परिणाम किती महिन्यांनी दिसतो, तेही त्यात आहे. या जाळ्याचा मला अभिमान आहे. बैठकीत ते पडद्यावर आलं की माणसं बोलायची थांबतात आणि नुसती बघत राहतात. मला ते फार आवडतं.

माझ्याकडे काम शिकायला आलेली मुलगी धारूरकडची. आईवडील ऊसतोडीला जाणारे, ती हंगामी वसतिगृहात राहून शिकलेली. दुष्काळाच्या ओळीखाली उपायांच्या यादीत ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी उचल लिहिलेली होती. पीक गेलेल्या घरात रोख पैसा तिथूनच येतो, म्हणून. "मॅडम, ही इथं कशी?" तिने विचारलं. "उचल फिटली नाही तर पुढच्या साली पाऊस पडला तरी जावंच लागतं."

खरं आहे. पण हे लिहायचं कुठे? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जोखीम दुसरीला जोडता येते, उपाय जोखमीखाली लिहिता येतो. उपायातून जोखीम निघते असा बाण काढायची सोय नाही. उचल जोखीम म्हणून वेगळी नोंदवली तर तेच पैसे एकीकडे आधार म्हणून धरले जातात आणि दुसरीकडे बोजा म्हणून, आणि या दोन नोंदींना एकमेकींचा पत्ता नसतो. 'संबंधित' म्हणून जोडल्या तर दिशा हरवते. कारण-परिणाम म्हणून जोडायला गेलं तर उचलीतून स्थलांतर, स्थलांतरातून बाकी, बाकीतून पुन्हा उचल असं वर्तुळ होतं, आणि वर्तुळ सॉफ्टवेअर घेत नाही. मग प्रत्येक उचलीला सालाचं नाव दिलं, वर्तुळाची साखळी केली. सॉफ्टवेअरने ती घेतली. पण हंगाम संपला की नोंद बंद करायची, अशी रीत आहे. बाकी तर तेव्हाच सुरू होते.

हे एकदा दिसायला लागलं की सगळीकडे तेच दिसतं. दुष्काळावर उपाय म्हणून बोअर घेतले, त्यांनीच भूजल आणखी खाली नेलं. कोयता म्हणजे जोडपं, एकट्याचा अर्धा कोयता. म्हणून मुलाचं लग्न लवकर लावणं हाही घरासाठी उपायच होतो. आणि खाडा. एक दिवस काम चुकलं तरी पैसे कापले जातात; पाळीत फडातच राहायचं, ना पाणी ना आडोसा. म्हणून गर्भपिशवी काढून टाकणं हाही उपायच ठरतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. आमच्या पद्धतीच्या नोंदवहीत शस्त्रक्रिया 'आरोग्या'त जाईल, खाडा 'मजुरी'त, फडातली गैरसोय 'सुविधां'त. तीन विभाग, तीन अधिकारी, आणि मधे एकही रेघ नाही.

लाल-पिवळ्या-हिरव्या चौकोनांचे तक्ते विकणाऱ्या सल्लागारांवर माझा राग आहे तो यासाठीच. शक्यता गुणिले परिणाम, की झाला आकडा तयार. प्रत्येक चौकोन जणू एकटाच जगतो. आयएसओ ३१००० या मानकाच्या २०१८च्या आवृत्तीत उपायांमधून नव्या जोखमी येऊ शकतात, असं स्पष्ट लिहिलं आहे. तक्ता विकणारेही त्याच मानकाचं नाव घेतात.

त्यापेक्षा मला पीकविम्यातला बीड पॅटर्न प्रामाणिक वाटतो. २०२०च्या खरिपात पीकविम्यासाठी बीडमध्ये यायला कंपन्या तयार नव्हत्या. त्याचं कारण मला माझ्या जाळ्यात दिसतं: पावसाचा एक मोठा खंड पडला की इथली शेतं एकेक करून जात नाहीत, एकदम जातात. शेवटी सरकारी भारतीय कृषी विमा कंपनी आली ती ८०:११०च्या सूत्रावर. जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत भरपाई कंपनीने द्यायची, त्यावरची राज्य सरकारने. भरपाई ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची. शेतकऱ्याच्या हाती काय पडलं हा वाद वेगळा, आणि तो घालायलाच हवा. पण जोखीम कुठल्या आकड्यापर्यंत कुणाची आणि पुढे कुणाची, हे त्या सूत्रात लिहिलेलं आहे. एरवी नोंदवहीत 'हस्तांतरित' असा शेरा मारला की ती ओळ पुन्हा कुणी उघडत नाही.

आता मी उपायांना जोखमींसारखीच स्वतःची ओळ दिली आहे. बाण आत येतो, बाहेरही जातो. माझ्याकडे शिकणाऱ्या त्या मुलीला हे पुरेसं वाटत नाही. तिला आणखी एक रकाना हवा आहे: उपाय कुणाचा. उचल दिली की कारखान्याची तोड वेळेवर सुरू होते, तो कारखान्याचा उपाय. ती फेडायची घराने. मी रकाना वाढवला आणि ती एकेक ओळ भरत गेली. गर्भपिशवीच्या ओळीपाशी आम्ही दोघी अडलो. बाई म्हणते मीच काढून घेतली, डॉक्टर म्हणतो तिनेच मागितली. मी तिथे 'कुटुंब' लिहिलं होतं. तिने ते खोडून 'मुकादम' लिहिलं, आणि मी ते तसंच ठेवलं आहे.