तेच गाणे, नवी रात्र

आमचा एक भाचा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात संगणक अभियंता आहे. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिकडच्या एका धर्मग्रामात सुट्टीवर गेलेल्या धर्मगुरूंच्या जागी सेवा देण्यासाठी आम्ही गेलो होतो. सेवेचे दिवस संपल्यावर आठवडाभर त्याच्या घरी मुक्काम केला. रविवारी सकाळी आम्ही मिस्सेला निघालो, तर स्वारी गाढ झोपेत! आदल्या संध्याकाळी चार तास गाडी हाकून तो एका वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकायला गेला होता आणि पहाटे परतला होता.

दुपारी जेवताना आम्ही सहज विचारले, "या वृंदाचा कार्यक्रम पहिल्यांदाच ऐकलास का?"

"नाही मामा, एकतिसाव्यांदा."

"आणि गाणी?"

"बहुतेक तीच."

आमचा आवाज नकळत चढला. "तीच ती गाणी एकतीस वेळा ऐकायला चार तास गाडी हाकतोस, आणि चर्च पाच मिनिटांवर असून तिथे जायला तुला सवड होत नाही!"

तो रागावला नाही. ताटातला भात कालवत म्हणाला, "मामा, तुम्हीही रोज तीच मिस्सा करता. तुम्हांला ती रोज नवी वाटते का?"

सेमिनरीत शिकलेले उत्तर आमच्या जिभेवर तयार होते. परंतु ते देताना त्याच्या डोळ्यांत पाहावे लागले असते, आणि तेवढे धैर्य त्या क्षणी आम्हांला झाले नाही. कारण प्रश्न उद्धटपणाने विचारलेला नव्हता आणि खरे उत्तर आम्हांला ठाऊक होते. त्याविषयी पुढे सांगू. प्रथम त्या आठवड्यात भाच्याने आम्हांला जे ऐकविले व समजाविले ते वाचकांपुढे ठेवतो.

अशा वृंदांना तिकडे 'जॅम बँड' म्हणतात. आपल्याकडे बैठकीत गवई बंदिश तीच घेतो, पण तिचा विस्तार त्या रात्रीपुरता असतो. तसाच काहीसा हा प्रकार. गाण्याचे शब्द व चाल ठरलेली असते. मधल्या मोकळ्या जागेत वादक एकमेकांचे ऐकत ऐकत पुढे जातात. कुठे पोहोचणार हे त्यांनाही ठाऊक नसते. कधी ते वाट चुकतात, कधी पाच मिनिटांचे गाणे अर्धा तास चालते.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणजे 1965 साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो परिसरात जन्मलेला 'ग्रेटफुल डेड' हा वृंद. त्याचा प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया कॅथोलिक घरात वाढलेला. तीस वर्षांत या वृंदाने सुमारे 2,300 कार्यक्रम केले. आज कोणती गाणी होतील हे आधी जाहीर होत नसे, आणि कालची रात्र आज जशीच्या तशी मिळत नसे. म्हणून हजारो माणसे जुन्या मोटारींतून या वृंदामागे गावोगाव फिरू लागली. पेट्रोलच्या खर्चासाठी ती वाहनतळावर खाद्यपदार्थ आणि रंगीत सदरे विकत. ज्यांच्याकडे तिकीट नसे ते हाताचे एक बोट वर करून उभे राहत. त्याचा अर्थ, 'एक चमत्कार हवा आहे.' आणि ज्याच्याजवळ जादा तिकीट असे, असा कोणी अनोळखी इसम ते पैसे न घेता त्या हातावर ठेवून पुढे जाई. हे ऐकताना आम्हांला आषाढी वारीची आठवण झाली. गेल्या वर्षी दर्शन झाले म्हणून यंदा वारकरी घरी बसत नाही.

'ग्रेटफुल डेड' म्हणजे कृतज्ञ मृतात्मा. नाव ऐकून आम्ही प्रथम दचकलोच. तथापि हे नाव गार्सियाला एका शब्दकोशात सापडले होते आणि त्यामागे एक प्राचीन लोककथा आहे. कर्ज फिटले नाही म्हणून एका प्रेताला मूठमाती मिळत नाही. एक वाटसरू जवळचे सारे पैसे खर्चून त्याला पुरतो. पुढे तो मृतात्मा वाटसोबती होऊन त्याचे रक्षण करतो. लोककथांचे अभ्यासक या कथेचे नाते आपल्या बायबलमधील तोबितच्या ग्रंथाशी जोडतात. राजाचा कोप पत्करून बेवारस प्रेते पुरणारा तोबित, आणि त्याच्या मुलाची वाटसोबत करणारा राफाएल देवदूत! मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी एक, असे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले आहे.

या वृंदाची आणखी एक रीत आम्हांला मोलाची वाटली. श्रोत्यांनी कार्यक्रम ध्वनिमुद्रित करण्यास त्यांनी मनाई केली नाही. उलट 1984 सालापासून अशा मंडळींसाठी सभागृहात वेगळी जागा राखली. या ध्वनिफिती लोक एकमेकांना देत-घेत. मात्र त्यांचा धंदा करायचा नाही, हा अलिखित नियम होता. 8 मे 1977 रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला कार्यक्रम अशाच फितींमधून जगभर पोहोचला. त्या रात्रीच्या ध्वनिमुद्रणाची अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंद केली आहे. प्रभूने शिष्यांना पाठविताना विनामूल्य देण्याविषयी जे सांगितले, ते या मंडळींनी कुणी न शिकविता आचरले.

हे सारे गोड चित्र नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मादक पदार्थांनी या जगाला पहिल्यापासून ग्रासले होते. वृंदाचा पहिला कळफलकवादक रॉन मॅकर्नन 1973 साली वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. दारूने त्याचे शरीर पोखरले होते. गार्सिया 9 ऑगस्ट 1995 रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी, एका व्यसनमुक्ती केंद्रात हृदयविकाराने निवर्तला. पुढील वर्षी त्याच्या अस्थींचा काही भाग ऋषिकेशला गंगेत सोडण्यात आला. परंतु याच गर्दीतून 1980च्या दशकात 'व्हार्फ रॅट्स' नावाचा एक गट उभा राहिला. व्यसन सोडलेली, तरी संगीत सोडू न शकणारी ही माणसे. कार्यक्रमाच्या जागी ती पिवळे फुगे लावून बसतात. मध्यंतरात तिथे छोटी सभा भरते. ज्याचा तोल जाऊ पाहतो आहे, त्याने गर्दीत तो पिवळा फुगा शोधायचा! आपल्या धर्मग्रामांच्या सभागृहांतून अशाच सभा भरतात. पण जिथे मोह आहे तिथेच, ऐन बाजारात दीप लावून बसण्याचे धाडस आम्ही किती वेळा केले आहे?

ग्रेटफुल डेड दुसऱ्यांची गाणीही आपलीशी करून गात. शास्ते या ग्रंथातील शमशोन व दलीला यांचे गाणे ते बहुधा रविवारी हटकून गात. हे गाणे त्यांनी रेव्हरंड गॅरी डेव्हिस या नेत्रहीन कृष्णवर्णी धर्मोपदेशकाकडून उचलले. डेव्हिस न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत रस्त्यावर गिटार वाजवून गात असत. त्यांच्याही आधी, 1927 साली, ब्लाइंड विली जॉन्सन या दुसऱ्या नेत्रहीन गायकाने ते ध्वनिमुद्रित केले होते. काही कार्यक्रमांची अखेर ही मंडळी वाद्ये खाली ठेवून एका निरोपगीताने करीत. ते गीत म्हणजे एकोणिसाव्या शतकातील सॅरा डाउडनी या इंग्रज कवयित्रीचे अंत्यविधीचे भक्तिगीत. आयरा सँकी या सुवार्तागायकाने त्याला चाल दिली, बहामा बेटांवरील कोळ्यांच्या वस्त्यांत ते प्रेताजवळ गाइले जाऊ लागले, आणि तिथून फिरत फिरत ते या जटाधारी तरुणांच्या ओठी आले. पेरणाऱ्याला आपले बी कुठे रुजेल हे कळत नाही, ते असे.

या वृंदाचा एक धागा आपल्या माहीमपर्यंतही येतो. त्यांचा तालवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँच्या तबल्याने भारून गेला आणि पुढे झाकिर हुसेन यांचा जिवलग सहवादक झाला. या दोघांच्या 'प्लॅनेट ड्रम'ला 1992 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. 2024 साली सॅन फ्रान्सिस्कोत दिवंगत झालेले झाकिरभाई मुलाखतींत सांगत, की लहानपणी पहाटे वडिलांपाशी तालीम, मग मदरशात कुराणपठण आणि नंतर माहीमच्या सेंट मायकल शाळेत प्रार्थनागीते, असा त्यांचा दिनक्रम असे. रोज तेच तीन उंबरठे. आणि त्यातून घडला तो मात्र नित्य नवा वाजविणारा वादक.

आमचा भाचा ज्या वृंदामागे फिरत होता तो 'फिश', 1983 साली व्हरमाँट विद्यापीठात स्थापन झालेला. नावीन्याची त्यांची हौस अशी, की 2017 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री कार्यक्रम करून त्यांनी एकही गाणे दुसऱ्यांदा घेतले नाही. 237 गाणी झाली! परंतु आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी भाच्याने आम्हांला नेले ते अगदी वेगळ्या मंडळींकडे. 'डार्क स्टार ऑर्केस्ट्रा' हा 1997 साली शिकागोत स्थापन झालेला वृंद ग्रेटफुल डेडचा एखादा जुना कार्यक्रम निवडतो आणि त्यातील गाणी त्याच क्रमाने सादर करतो. वादकांच्या जागाही त्या काळाप्रमाणे मांडतो. तो कार्यक्रम कोणता, हे अखेरीस सांगतात.

आम्ही झब्बा-पायजम्यात, कानांत कापसाचे बोळे घालून बसलो होतो. खरे सांगायचे तर पहिला तास आम्हांला कंटाळा आला. गाणी सारखीच वाटत होती. शेजारी साठीचे एक गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. एकदा मध्येच त्यांनी डोळे उघडले व मान डोलावली. भाचा आमच्या कानाशी वाकून म्हणाला, "मामा, आता गिटारवाल्याने जे केले ते मूळ कार्यक्रमात नसणार. ते आजचे होते." आम्हांला काहीच कळले नव्हते. गाणी सारखी नव्हती; आमचे कान तयार नव्हते.

शेवटी तारीख व गाव जाहीर झाले. आमच्या जन्मानंतर चार-पाच वर्षांनी होऊन गेलेली ती रात्र होती. सारे सभागृह उभे राहिले. शेजारच्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी होते. "मी तिथे होतो," एवढेच ते आम्हांला म्हणाले.

घरी परतताना गाडीत आम्ही भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. नाही, रोज नवी वाटत नाही. कित्येक दिवस असे जातात, की शब्द ओठांवरून निघून जातात आणि मन दुपारच्या सभेत किंवा छपराच्या दुरुस्तीत गुंतलेले असते. एकदा सकाळची मिस्सा आटोपून बाहेर आलो, तो रोज पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका आजीबाईंनी विचारले, "फादर, बरे नाही का तुम्हांला? आज उचलताना थांबला नाहीत तुम्ही." पवित्र भाकर उंचावताना आम्ही क्षणभर थांबतो, त्या दिवशी थांबलो नव्हतो. आम्हांला ते उमगलेही नव्हते. त्यांना उमगले होते. तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली आणि मनातल्या मनात जरा रागावलोही, की या बाई प्रार्थनेला येतात की आमची परीक्षा घ्यायला!

त्या गाडीत आम्हांला त्या आजीबाईंची थोरवी कळली. चाळीस वर्षे त्या तीच मिस्सा ऐकत आहेत, म्हणूनच आजची मिस्सा कशी झाली हे त्या ओळखतात. पाठ्य शब्द आमचे नाहीत, ते आम्ही बदलायचे नाहीत. पण दोन शब्दांमधली शांतता आमच्या हाती सोपविलेली आहे. ते वादक होऊन गेलेली रात्र आठवणीतून उभी करतात, पण ती रात्र परत येत नाही. आपल्या वेदीवर मात्र ज्याचे स्मरण करतो तो स्वत: येतो, अशी आपली श्रद्धा आहे. मग त्याच्या येण्याच्या वेळी आम्हीच गैरहजर असलो तर?

भाच्याने बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाला, "मामा, हे तुम्ही प्रवचनात कधी सांगितले नाहीत."

तो अजूनही रविवारी नेमाने चर्चला जात नाही, आणि या लेखाचा शेवट गोड करण्यासाठी आम्ही तसे लिहिणार नाही. त्याच्यासाठी आम्ही रोज प्रार्थना करतो. परंतु त्या उन्हाळ्यापासून एक बदल झाला आहे. पूर्वी तो फोनवर आमच्या प्रकृतीची चौकशी करी. आता आधी विचारतो, "मामा, आजची मिस्सा कशी झाली?"

तीस वर्षांच्या सेवेत हा प्रश्न आम्हांला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. काही दिवशी आम्ही "चांगली झाली" म्हणतो. काही दिवशी "आज घाई झाली" असे कबूल करावे लागते. आणि दुसऱ्या दिवशी वेदीवर हात उंचावताना आम्ही जरा अधिक वेळ थांबतो. पहिल्या बाकावर कोणीतरी ऐकत आहे, हे आता आम्हांला ठाऊक आहे.