लायनरचा वास

खान्देशात येणं म्हणजे उतरणं. संभाजीनगरकडून आलात तर कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, अजिंठ्याकडून आलात तर घाटाखाली फर्दापूर, मालेगावकडून लळिंग, इंदूरकडून बिजासन घाट उतरला की पळासनेर. खाली आलं की तापी-गिरणेची काळी जमीन आणि सरळ रस्ते. त्यामुळे गाडीचं इंजिन किती ताकदीचं, ती चढ कसा ओढते, याच्या गप्पा इथे भरपूर होत असल्या तरी घरच्यांचा जीव अडकलेला असतो तो उतारात. माझ्या नाकात लहानपणापासून जो एक वास बसला आहे, तो या उतारांचाच आहे. तापलेल्या ब्रेक लायनरचा. थोडा जळक्या रबरासारखा, थोडा तिखट, घशात धरणारा.

माझे काका, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो, चाळीसगाव-कन्नड जीप चालवायचे. मागे समोरासमोर दोन बाकडी, त्यावर माणसं, माणसांच्या पायात गाठोडी, फूटबोर्डवर आणखी दोघे. वर कन्नडच्या बाजूला घाट सुरू होण्याआधीच नाना गाडी दुसऱ्या गेअरमध्ये टाकायचे आणि चाळीसगावची सपाटी येईपर्यंत गेअर बदलायचे नाहीत. इंजिन ओरडायचं. शेजारचा एखादा उतारू म्हणायचा, "नाना, डिझेल जळतंय, न्यूट्रल करा ना." नाना रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचे, "डिझेल जळू दे भो, लायनर जळायला नको."

घाटाखाली गाड्या थांबायच्या. काही ड्रायव्हर तापलेल्या चाकांवर कॅनभर पाणी ओतायचे, वाफ फुस्सकन उठायची, आम्हा पोरांना त्याची मजा वाटायची. नानांनी ते कधी केलं नाही. तापलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी पडलं की त्याला चीर जाते, आणि ती चीर वरून दिसत नाही. ते झाडाखाली गाडी लावायचे, चाकाजवळ तळहात नेऊन धग बघायचे आणि चहा प्यायचे.

ड्रम ब्रेकची रचना मला पुढे कळली, धुळ्यात कॉलेजला असताना. आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात मी संध्याकाळी जाऊन बसायचो. तिथल्या मिस्तरींनी एकदा माझ्यासमोर जीपचं चाक उतरवलं, ड्रम हातोडीने ठोकत ठोकत ओढून काढला आणि आतलं सगळं उघडं केलं. अर्धगोल दोन शू, त्यांवर रिबीट मारलेले लायनर, वर व्हील सिलेंडर, शूंना आत ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. पेडल दाबलं की ऑईलचा दाब सिलेंडरमध्ये येतो, शू बाहेर फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. यातली खुबी अशी की फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि स्वतःवर आणखी घट्ट दाबून घेतो. पायाची ताकद कमी लागते ती यामुळे. इतकी सुंदर युक्ती दुसऱ्या कुठल्या ब्रेकात नाही, असं मला आजही वाटतं.

पण उष्णता आली की हीच रचना उलटते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब सरकतो. पेडल खाली जायला लागतं. लायनर एका मर्यादेपलीकडे तापलं की त्याची पकडच जाते, पेडल दगडासारखं लागतं आणि गाडी मात्र ऐकत नाही. त्यात ब्रेक ऑईल जुनं असेल तर बघायलाच नको. हे ऑईल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ३ ऑईल २०५ अंशांच्या पुढे उकळतं. ओल शिरलेलं १४० च्या आसपासच उकळू शकतं. सिलेंडरपाशी त्याची वाफ झाली की पेडल थेट फळीला टेकतं. मे महिन्यात जिथे हवाच ४५ अंशांवर जाते, तिथे ही आकडेवारी पुस्तकात ठेवून चालत नाही.

त्या गॅरेजातली एक गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. ड्रम काढला की आतला काळा भुगा हवेच्या पाइपाने उडवायची पद्धत होती. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ गॅरेजभर पसरायची, आणि त्यातच सगळे चहा प्यायचे. जुन्या गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो, ड्रम उघडल्यावर हवा मारू नका, तोंडाला मास्क लावा आणि भुगा ओल्या फडक्याने पुसून घ्या.

पुढे मी जळगावला स्थायिक झालो आणि सरकारी लिलावातली एक जुनी डिझेल महिंद्रा जीप घेतली. चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही, मास्टर सिलेंडर एकाच खान्याचा. म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. जुन्या गाड्यांची हौस असणारे मित्र आधी रुंद टायर, मग रंग, मग हॉर्न, मग मोठं इंजिन असा क्रम लावतात. मला तो क्रम मान्य नाही. अमेरिकेनेही हेच केलं होतं. १९६४ ची पॉन्टियॅक जीटीओ, जिच्यापासून मसल कारचं युग मोजतात, ती प्रचंड व्ही-८ इंजिन घेऊन चारही ड्रमवर धावत होती. डिस्क ब्रेक तेव्हा माहीत नव्हता असं नाही. लँचेस्टरने इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट १९०२ साली घेतलं होतं, आणि १९५३ साली डिस्क लावलेल्या जॅग्वारने ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकून दाखवली होती. जीटीओला डिस्कचा पर्याय मिळाला तो १९६७ च्या मॉडेलला.

४ जुलै २०२३ ला पळासनेरला उतारावरून आलेला कंटेनर हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं समोर आलं. मृतांमध्ये रस्त्याकडेला बसची वाट बघणारी पोरंही होती. त्या आठवड्यात मी जीप अजिंठा चौफुलीजवळच्या गॅरेजात नेऊन उभी केली.

पुढच्या चाकांना बोलेरोच्या डिस्क आणि कॅलिपर बसवायचं ठरलं. वरवर हे नट-बोल्टचं काम वाटतं. खरा घोळ पुढे आहे. डिस्कमध्ये ड्रमसारखी स्वतःला आवळून घेण्याची सोय नाही. दाब जास्त लागतो, म्हणून बूस्टर लागतो. बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर, आणि डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. म्हणून पाठीमागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर आला. मास्टर सिलेंडर दोन खान्यांचा घेतला, म्हणजे पुढची लाइन गेली तरी मागची राहते. जुन्या मास्टर सिलेंडरच्या तोंडाशी एक बारीक व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवतो. ड्रमला तो हवा असतो. डिस्कच्या लाइनमध्ये तो राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि आपणच गाडी तापवत फिरतो. कॅलिपरची ब्रॅकेट लेथवर करून घेतली. शेवटी एअर काढायला बसलो. मी पेडल मारतोय, मिस्तरी चाकाखालून ओरडतायत, "दाबून धरा... सोडा... परत." बुडबुडे संपून ऑईलची अखंड धार आली तेव्हा पायाखालचं पेडल घट्ट झालं. ते घट्टपण तळव्याला कळतं.

मग रविवारी सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर चाचणी. आधी मागची चाकं लवकर धरत होती, गाडी तिरकी होत होती. मागच्या लाइनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह टाकून तो थोडा थोडा फिरवत नेला, तेव्हा गाडी सरळ रेषेत थांबू लागली.

कन्नडच्या घाटात आता जड वाहनांना बंदी आहे. ऑगस्ट २०२१ च्या पावसात दरडी कोसळून तो बराच काळ बंद होता. मी अजून तिथून उतरतो, आणि डिस्क असूनही दुसऱ्याच गेअरमध्ये. डिस्क उघड्यावर असते, लवकर गार होते, तापली तरी पॅडपासून लांब पळत नाही. पण उतारात साठणारी उष्णता तिलाही घ्यावीच लागते, आणि ऑईल तेच आहे. भाचा जीप मागतो तेव्हा मी आधी त्याच्याबरोबर हा घाट उतरतो, मगच किल्ली देतो.

मागचे ड्रम मी ठेवले आहेत. हँडब्रेकही जुनाच, प्रोपेलर शाफ्टवर धरणारा. पावसाळ्याआधी मागची दोन्ही चाकं उघडायची आहेत. व्हील सिलेंडरची रबरं बदलायची, ड्रमला कड पडली असेल तर लेथवर कातून घ्यायची, नवे लायनर बिनॲस्बेस्टॉसचेच घ्यायचे, आणि सगळं ऑईल काढून नवं भरायचं.