इस्लापूर शोधायचं तर आधी बोथ शोधा

पोस्ट थोडी लांब आहे. चहा घेऊन बसा.

मागच्या महिन्यात आपल्याच भागातल्या एका लेकीचा फोन आला. एम. ए. करते. "सर, आपल्या इकडच्या कोलाम-गोंडांवर जुनं पुस्तक आहे का? कॉलेजच्या कॉम्प्युटरवर 'नांदेड' टाकलं, 'किनवट' टाकलं, काहीच निघत नाही."

निघणार कसं? राज्य पुनर्रचनेच्या आधी आपण नांदेडात होतोच कुठं? 1956 च्या कायद्यात सरळ लिहिलंय : आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल, हे सगळं मुंबई राज्यात. तालुके दोन आणि सर्कल एकच, आपलं! 1 नोव्हेंबरला जिल्हा बदलला, राज्य बदललं. पण आधी छापलेल्या पुस्तकांना कोण सांगणार? ती अजून आदिलाबादच्याच नावानं कपाटात उभी आहेत.

त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे हायमेनडॉर्फ. ऑस्ट्रियाचा माणूस, निजामाच्या राज्यात गोंडांमध्ये राहिला आणि 1948 साली 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' छापलं. दुसरे आपले निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी. शिवकाल आणि मोगलांचे अभ्यासक म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत, पण त्यांनी गोंडी आणि कोलामी भाषांवर काम केलं हे आपल्याकडं किती जणांना माहीत आहे? हा भाग आदिलाबादेत होता तेव्हाचं हे काम. म्हणजे पुस्तक आहे, लेकरू शोधतंय, आणि दोघांची भेट होत नाही. मधे सूची पाहिजे.

सूची म्हटलं की लोकांना वाटतं पीडीएफ. तसं नाही हो. पीडीएफचे ढीग तर प्रत्येक ग्रुपवर पडलेत, उघडून कोण बघतं? सूची म्हणजे कोणतं पुस्तक, कुणाचं, कोणत्या साली, कोणत्या विषयाचं आणि आज कुठं आहे, एवढं सांगणारी यादी. मराठीत शंकर गणेश दाते यांनी 1800 पासून 1937 पर्यंतच्या पुस्तकांची सूची केली, मग 1950 पर्यंतची. कॉम्प्युटर नाही, झेरॉक्स नाही. आज 'दाते सूची' म्हटलं की संशोधक हात जोडतात. पण ती मराठी पुस्तकांची. आपल्या भागाबद्दलचं बरंच लिखाण इंग्रजीत, उर्दूत, तेलुगूत आहे, ते तिथं कसं सापडणार?

आणि हे काम हौसेचं आहे असं समजू नका. हळदीचं उदाहरण घ्या, आपल्या भागात लगेच पटेल. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. आपल्या आज्या जे करत आल्या त्याचं पेटंट! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्थेनं आव्हान दिलं आणि 1997 ला पेटंट रद्द झालं. पण "आमची आजी लावायची" म्हटल्यानं नाही झालं. जुन्या ग्रंथांचे आणि नियतकालिकांचे 32 दाखले ठेवावे लागले, तेव्हा. त्या धड्यातूनच 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतली माहिती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी अशा पाच भाषांत, पेटंट तपासणाऱ्याला वाचता येईल अशी. वसमतच्या हळदीला मानांकन मिळालं म्हणून आपण पेढे वाटले, बरं केलं. पण त्या 32 दाखल्यांसाठी जुने कागद कुणीतरी जपून आणि नोंदवून ठेवले होते म्हणून ते वेळेवर सापडले.

यातली एक खोट मला खटकते. तिथं ग्रंथातलं ज्ञान येतं. आपल्याकडं गोंडांच्या कुळकथा परधान म्हातारे किकरी वाजवत सांगतात, त्यांचं काय? त्यांचा ग्रंथ ते स्वतःच. म्हणून आपल्या यादीत मी एक रकाना तोंडी परंपरेचाही ठेवलाय. जाणकार ग्रंथपाल नाक मुरडतील. मुरडू द्या.

हो, यादी सुरू केलीय. मी, दोन शिक्षक आणि ती लेक. एक साधी शीट आहे, मोबाईलवर भरता येते. आतापर्यंत 140 नोंदी झाल्यात. गावासाठी दोन रकाने आहेत : तेव्हाचा तालुका-जिल्हा आणि आताचा. सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ऱ्हस्व-दीर्घानं. 'कुरुंदकर' आणि 'कुरूंदकर' ही कॉम्प्युटरला दोन माणसं वाटतात, इस्लापूर आणि इसलापूर ही दोन गावं. त्यात एका वाचनालयानं जुन्या फॉन्टमधली यादी दिली, उघडली तर नुसत्या कवड्या आणि चांदण्या! ती बसून परत टाईप केली. मूळ पुस्तकावर जसं छापलंय तसं एका रकान्यात, शोधण्यासाठीचं रूप दुसऱ्यात, असं ठरवलंय.

एक वाचनालय तर आम्ही पोचायच्या आठवडाभर आधीच साफ झालं होतं. फाटकी पुस्तकं किलोवर गेली. दाखल रजिस्टर तेवढं शिल्लक होतं. त्यात 1950 च्या आसपासच्या उर्दू पुस्तकांची दोन पानं आहेत. त्यांच्याही नोंदी घेतल्यात, पुढं शेरा : प्रत उपलब्ध नाही.

तर, घरात आजोबांची पेटी असेल, मुक्तिसंग्रामातल्या कुणाच्या आठवणी छापलेल्या असतील, वैदूची वही असेल, मोडी, उर्दू, तेलुगू काहीही असो, पुस्तक आम्हाला देऊ नका, घरीच ठेवा. फक्त पहिल्या पानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो इनबॉक्सला पाठवा. साल बहुतेक मागच्या पानावर असतं. उर्दू वाचणारं कुणी हिमायतनगर-भोकरकडं असेल तर कळवा, ती दोन पानं एकदा नीट वाचून घ्यायची आहेत.