भात सोडला, भाकरी राहिली

दिवाळीनंतर ऑफिसात झालेल्या आरोग्य तपासणीत माझी साखर काठावर निघाली. एचबीए1सी नावाची एक चाचणी असते, ती मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगते. आकडा 5.7 च्या खाली असला तर ठीक, 6.5 किंवा त्याच्या वर गेला तर मधुमेह. मधे उरतो तो काठ, आणि त्या काठावर मी पोट पुढे काढून उभा होतो. डॉक्टर म्हणाले, “कार्ब कमी करा, वजन उतरवा.” मी समजल्यासारखी मान हलवली. कंटेनर यार्डात काम करणाऱ्या माणसाला कार्ब म्हटलं की कार्बोरेटर आठवतो. तो कसा कमी करायचा हे विचारायची लाज वाटली, म्हणून मी तसाच घरी आलो.

घरी मुलीनं समजावलं. कार्ब म्हणजे कर्बोदकं. जे पिठूळ किंवा गोड, त्यात ती भरपूर. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्यापासून भात बंद, चपाती बंद. उरण तालुक्यातल्या जासईत, तेही आगऱ्याच्या घरात, ही घोषणा लहान नव्हती. आई ताटाकडे बघत म्हणाली, “भात नाय तं कालवन कशाशी खाशील?” मी बाणेदारपणे म्हणालो, “भाकरीशी.” आणि मोठ्या निग्रहानं भाकऱ्या खाऊ लागलो, एरवीपेक्षा एखादी जास्तच. बरेच दिवस हे तप चाललं. मग एका रात्री मुलीनं शांतपणे विचारलं, “पप्पा, आपली भाकरी कशाची असते?” तांदळाची. तांदळाच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 80 ग्रॅम कर्बोदकं असतात. मी भात सोडला होता आणि तोच थापून, भाजून खात होतो.

मग मी यादी करायला बसलो. सकाळचे पोहे म्हणजे चेपलेला तांदूळ. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी हलकी असते असं मी जन्मभर समजत आलो, पण साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च, म्हणजे पिठूळपणाचा अर्क. इडली, डोसा, घावन, कुरमुरे, सगळीकडे तांदूळच. वर ऑफिसात दिवसभर साखरेचा चहा. आरोग्यासाठी म्हणून टेबलाच्या खणात ठेवलेली मल्टिग्रेन बिस्किटं मी पहिल्यांदाच उलटी करून वाचली. पहिला घटक गव्हाचं पीठ, दुसरा साखर. ज्या धान्यांची चित्रं पुढे ठळक छापली होती, ती मागच्या यादीत शेवटी, चिमूटभर सापडली.

आता आकडेमोड आली. साधारणपणे दिवसाला 130 ग्रॅमच्या आत कर्बोदकं असली तर त्याला लो-कार्ब म्हणतात. त्याहून कडक तो किटो, त्यात 20 ते 50 ग्रॅम. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, भात मोजला आणि तक्त्यात पाहिलं तर 100 ग्रॅम तांदळात 78 ग्रॅम. एवढ्यानंच दिवसाचा अर्ध्याहून अधिक कोटा संपला म्हणून मी हबकलो. बायकोनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “अहो, ते कच्च्या तांदळाचं आहे. शिजवताना त्यात पाणी जातं.” शिजलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅमच असतात. मी खूश झालो आणि आधीच्या सवयीनं वाढून घेतलेलं ताट पुन्हा काट्यावर ठेवलं. ताटाचं वजन वजा केल्यावरही भात अर्ध्या किलोच्या आसपास भरला. एकाच जेवणात दिवसाचा कोटा पार, आणि अजून रात्रीचं जेवण बाकी.

मग खायचं काय, या प्रश्नाला आमच्या भागात उत्तर दारावर येतं. करंज्याची कोळीण पाटी घेऊन आली आणि मला समजलं की म्हावऱ्यात, म्हणजे मासळीत, कर्बोदकं जवळजवळ नसतातच. बोंबील, मांदेली, कोलंबी, चिंबोरी, हात सैल असेल त्या दिवशी जिताडा, सगळं चालणार होतं. अंडी, कोंबडी, मटण, पनीर, ओलं खोबरं, पालेभाज्या, दोडका, वांगी, शेवग्याच्या शेंगाही चालणार. डाळी आणि वालाबाबत मात्र माझी फसगत झाली. त्यांत प्रथिनं असली तरी कोरड्या डाळीत निम्म्याहून जास्त भाग कर्बोदकांचा असतो, त्यामुळे वाटी मोजूनच घ्यावी लागते. म्हावऱ्याचा उत्सव सुरू झाला. मी रोज तळलेल्या बोंबलांवर ताव मारत होतो. ते कुरकुरीत कशानं होतात, हे मला मुलीनं पुन्हा एकदा विचारलं. तांदळाच्या पिठानं.

पीठ गेलं, चहातली साखर गेली, कालवण वाटीनं प्यायला लागलो, आणि डोकं दुखायला लागलं. अंगात ताकद नाही, जिने चढताना पाय जड, चिडचिड एवढी की दास्तान फाट्यावर अडकलेल्या ट्रेलरवाल्याशी मी विनाकारण भांडलो. मला वाटलं, शरीरातलं विष बाहेर पडतंय, कारण मोबाइलवर तसं ऐकलं होतं. डॉक्टर हसले. म्हणाले, विषबिष काही नाही. कर्बोदकं एकदम तोडली की रक्तातलं इन्सुलिन उतरतं, मग मूत्रपिंडं जास्त मीठ आणि पाणी बाहेर टाकतात, आणि त्यानं डोकं दुखतं. तुमचा रक्तदाब ठीक आहे, तेव्हा मीठ घातलेलं पातळ ताक प्या. उरण तालुक्याची मिठागरं बघत मी लहानाचा मोठा झालो, आणि माझ्याच अंगात मीठ कमी पडलं होतं. ताकानं दोन दिवसांत डोकं उतरलं. बद्धकोष्ठ उतरायला मात्र भाज्यांचे ढीग खावे लागले, कारण म्हावऱ्यात तंतू म्हणजे चोथा अजिबात नसतो.

तेवढ्यात काटा भराभर खाली आला. मी एवढा हरखलो की ऑफिसात पेढे वाटले. स्वतः खाल्ला नाही असं सांगायला आवडलं असतं.

मग गावात हळद आली. आगऱ्याची हळद म्हणजे अख्खी आळी मांडवात. पंगतीत मी भात नको म्हटलं तशी वाढणारा थबकला. “माळ घातलीस काय?” माळकरी झालेला माणूस म्हावरं-मटण सोडतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण माझ्या पुढ्यात मटणाचा ढीग होता आणि मी भाताला हात जोडत होतो. असा माळकरी वारकरी संप्रदायात आजवर झाला नाही. एकानं हळूच विचारलं, “साखर हाय काय?” दुसऱ्यानं त्याच्या साखरेच्या गोळ्यांची नावं सांगितली. तिसऱ्यानं कारल्याचा रस. शेवटी बोलणं थांबवण्यासाठी मी भात घेतला. मग वडे घेतले. मग पुन्हा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी काट्यावर उभा राहिलो तर महिनाभरातली जवळजवळ निम्मी कमाई परत आलेली. एका रात्रीत एवढी चरबी कशी चढेल? चढतच नाही. शरीर थोडी साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं. हा साठा अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो, आणि त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. कर्बोदकं बंद केली की आधी हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. भात खाल्ला की साठाही भरतो, पाणीही परततं. म्हणजे पेढे मी बरेचसे पाणी उतरल्याबद्दल वाटले होते.

या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. ऑफिसातला एक गट डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून त्यांनी लोकांपर्यंत नेलेला नियम असा की दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा, 55 मिनिटांच्या आत जेवायचं. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा एवढंच, आणि रोज 45 मिनिटं चालायचं. यात भात वर्ज्य नाही, वारंवार खाणं वर्ज्य आहे, कारण दर खाण्याला इन्सुलिन वर येतं. दुसरा गट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचा. त्या म्हणतात, आपल्या मातीतलं खा, भात खा, तूप खा, थोडं थोडं खा. मी दोघांचंही ऐकलं, सोयीपुरतं. दीक्षितांकडून 55 मिनिटं घेतली, दिवेकरांकडून तूप, आणि 55 मिनिटांत माणूस किती खाऊ शकतो हे घरच्यांना दाखवून दिलं.

हे खूळ नवं असेल असं वाटत होतं, तेही खोटं निघालं. 1863 मध्ये विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या एका अंत्यविधी व्यावसायिकानं पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून आपण कसे बारीक झालो यावर पुस्तिका छापली होती. किटो तर वजनासाठी जन्मलाच नाही. 1921 मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला. मी ज्याला आधुनिक समजून मिरवत होतो, ते माझ्या खापरपणजोबांच्या काळातलं होतं.

पुढे वजन अडकलं. भात नाही, साखर नाही, आणि काटा ढिम्म. मी वहीत सगळं लिहून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं: शेंगदाणे. लो-कार्ब म्हणून मी येताजाता मूठ मारत होतो. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत 560 च्या वर कॅलरी असतात. एक ग्रॅम कर्बोदकाला 4 कॅलरी, प्रथिनाला 4, पण स्निग्धाला 9. कर्बोदकं कमी केल्यावर पोट लवकर भरतं आणि माणूस एकूणच कमी खातो, तिथे खरा फायदा होतो. मी भाताची जागा शेंगदाणे, तूप आणि तळणानं काठोकाठ भरून काढली होती.

मी तक्रार केली की डॉक्टर, मी काही लठ्ठ नाही, नुसतं पोट आहे. त्यांनी टेप काढला. मी ऐटीत म्हणालो, कंबर 36. पँट पोटाखाली बांधणाऱ्या माणसाचा तो आकडा. खरी कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजतात. भारतीय पुरुषाची ती 90 सेंटीमीटरच्या आत हवी, बाईची 80 च्या. माझा टेप त्याच्या बराच पुढे गेला. मग त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये फोटो आला. उंची-वजनाचा निर्देशांक, बीएमआय, दोघांचा सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिनची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी, अशी आपल्याकडच्या पुष्कळांची ठेवण. मी तर दिसायलाही बारीक नव्हतो.

घरी आल्यावर आईनं मला न विचारताच निकाल दिला. “तुजा बापूस शेतान राबाचा, म्हनून त्याला पचाचा. तू काय राबतस?” मी गप्प बसलो. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली आणि आमची खाचरं संपादनात गेली. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली याच परिसरात आंदोलन झालं, पाच शेतकरी हुतात्मे झाले, त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. 1989 मध्ये न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं आणि आमच्यासारखे चिखलातून उठून खुर्चीत बसले. लावणी गेली, झोडणी गेली, मिठागरात उन्हात उभं राहणं गेलं. ताटातला भाताचा डोंगर मात्र नांगरणीच्या मापाचाच राहिला. सहा महिने मी कर्बोदकं मोजत होतो, आणि आईनं हिशेबाची दुसरी बाजू एका वाक्यात मांडली.

आता मी भात खातो. पूर्वीच्या निम्म्याहून कमी, शेवटी घेतो, आधी म्हावरं किंवा अंडं आणि भाजी. तळणाऐवजी कालवण. संध्याकाळी चालतो, ट्रेलरचा रस्ता सोडून. काटा हळू उतरतोय, पण या वेळी पाणी नव्हे. यात अशास्त्रीय काही नाही. 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 609 माणसांवर वर्षभर पाहिलं, तेव्हा कमी स्निग्ध खाणाऱ्यांचं सरासरी 5.3 किलो उतरलं आणि कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं 6 किलो. फरक नगण्य. भारतीयांसाठी आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानं 2022 मध्ये सुचवलेलं प्रमाणही किटोइतकं टोकाचं नाही. एकूण उष्मांकांपैकी साधारण 50 ते 55 टक्के कर्बोदकांतून आणि 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिनांतून, एवढंच.

तुम्हाला हे करून बघायचं असेल तर एकच सांगणं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, इन्सुलिन घेत असाल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा घरात कुणी गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांवर असताना कर्बोदकं एकदम तोडली तर साखर धोकादायक खाली जाते, आणि ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्यांवर असाल तर रक्तात आम्ल साठून दवाखाना गाठावा लागू शकतो. बाकीच्यांनी आज रात्री फक्त आपल्या ताटातला भात मोजून बघावा.